मन्मथअप्पांची स्टाइलशीट

मन्मथअप्पा घाबरट होते. हे आधीच लिहून टाकते, कारण त्यांच्या शोकसभेत हा शब्द कोणी उच्चारला नाही. शांत, मनमिळाऊ, कामसू, असं सगळे बोलले. ते काही खोटं नव्हतं. पण अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात मी त्यांच्या शेजारी चौदा वर्षं काढली, आणि त्यांची भीती वगळली तर त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्यापाशी फार थोडं उरतं. त्यांनी आयुष्यात जे काही मोठं केलं ते भीतीपोटी केलं.

मी ग्रंथालयात, ते ऑफिसात टायपिस्ट. मधल्या भिंतीला पुस्तकं देण्याघेण्यासाठी कधी काळी पाडलेली एक खिडकी होती. तिच्यातून त्यांच्या मशीनचा आवाज माझ्याकडे यायचा. मशीनला हात लावण्याआधी ते हात धुऊन येत आणि स्वतःच्या रुमालाला पुसत. ऑफिसातल्या टॉवेलवर त्यांचा विश्वास नव्हता. कपाटाला कुलूप लावलं की ते चार वेळा ओढून पाहत. एसटीत बसताना आधी पाटी वाचत, मग कंडक्टरला विचारत, आणि जागेवर बसल्यावर शेजारच्या प्रवाशाला हळूच विचारत, "परळीलाच जाती ना ही?"

मूळचे सिरसाळ्याचे. घरचं किराणा दुकान, ते भावांनी सांभाळलं. "गिऱ्हाईक मोठ्यानं बोललं की माझा हात तराजूवर कापायचा," ते सांगत. "बाप म्हणला, ह्याला दुकानात ठिवलं तर दुकान जाईल. मंग घातलं टायपिंगच्या क्लासला." कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत चांदीच्या डबीत इष्टलिंग. कॉलेजात पहिला संगणक आला तेव्हा त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "मॅडम, ह्या पडद्याचा करंट बाहेर येतो का वो?" येत नाही म्हटलं, तरी पुढे कित्येक महिने संगणकासमोर बसले की त्यांचा डावा तळहात छातीवर त्या डबीवर असायचा आणि टायपिंग उजव्या हाताने चालायचं. मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगाने परीक्षा पास झालेला माणूस एका हाताने एकेक अक्षर शोधत होता.

मशीनवर मात्र ते राजे होते. मथळा कागदाच्या बरोबर मधोमध आणणं ही त्यांची खासियत. मथळ्यातली अक्षरं मोजायची, ओळीत मावणाऱ्या अक्षरांतून ती वजा करायची, उरलेल्याचं निम्मं करायचं आणि तितक्या वेळा मोकळी जागा सोडायची. हे गणित ते ओठ न हलवता करत. आमंत्रण असो, नोटीस असो, मथळा कधी केसभर इकडेतिकडे झाला नाही. मशीनवर काम करताना ते घाबरत नाहीत, हे मला उशिरा लक्षात आलं. त्यांच्या आयुष्यातली तेवढीच एक जागा तशी होती.

कारण घरी महानंदावहिनींना फिट यायच्या. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सुरू झाल्या त्या थांबल्याच नाहीत. कधी महिना कोरडा जायचा, कधी आठवड्यात दोनदा. घर सरकारी दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं, आणि अप्पांनी ते तेवढ्याचसाठी घेतलं होतं. त्यांनी एक कागद टाइप करून गल्लीतल्या प्रत्येक घरात दिला होता. 'तोंडात काही घालू नये. कांदा, चप्पल नाकाला लावू नये. कुशीवर वळवावे. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांवर गेल्यास रिक्षा बोलवावी.' वर मधोमध मथळा, खाली कॉलेजचा फोन नंबर. ऑफिसातला फोन वाजला की अप्पांच्या मशीनचा आवाज थांबायचा. फोन दुसऱ्या कोणाचा आहे हे कळेपर्यंत तो सुरू होत नसे. भिंतीपलीकडून मला मशीन थांबल्याची ती शांतता ऐकू यायची, आणि मीही वाचता वाचता थांबत असे.

मग नवीन शतक लागलं, आणि संस्थेत एक शब्द फिरू लागला: अतिरिक्त. टायपिंगच्या मशिनी ताडपत्रीखाली गेल्या. एकच उरली, कारण प्राचार्यांना आदेश मशीनवरच टाइप झालेले लागत. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि तिच्यासमोर कॉलेजची वेबसाइट दाखवायची असं ठरलं. एके दिवशी प्राचार्यांनी अप्पांना आत बोलावलं. दार उघडं होतं, मी सही घ्यायला बाहेर उभी होते.

"अप्पा, टायपिस्टचं पद आता राहत नाही बघा. वरून आलंय."

"आसं कावून सर? मी संगणकावर बी करतो की आता."

"एका हातानं?" प्राचार्य हसले. ते वाईट मनाचे नव्हते, पण गंमत करायला त्यांना समोरचा गप्प बसणारा माणूस आवडायचा. "असं करा. ती वेबसाइट तुम्हीच करा. बाहेरच्या पोराला द्यायला माझ्याकडं पैसे नाहीत. जमलं तर कॉम्प्युटर रूम तुमची. नाही जमलं तर आपली डोंगरावरची शाळा आहे, तिथं लिपिकाची जागा मोकळी आहे. आदेश आत्ताच टाइप करून ठेवा. तारीख टाकू नका. तारीख मी टाकीन, लागली तर."

डोंगरावरच्या शाळेला सकाळी एक एसटी जायची आणि संध्याकाळी एक परत यायची. दवाखाना म्हणजे आठवड्यातून एकदा येणारी नर्स. तिथे वहिनींना फिट आली आणि ती थांबली नाही तर काय, हे अप्पांना कोणी सांगायची गरज नव्हती.

ते बाहेर आले, हात धुऊन आले, आणि त्यांनी स्वतःच्या बदलीचा आदेश टाइप केला. मी खिडकीतून पाहत होते. मथळा मोजून मधोमध घेतला. 'दिनांक' या शब्दापुढे मोकळी जागा सोडली. कागद काढून दोनदा वाचला, दारापर्यंत जाऊन परत आले, तिसऱ्यांदा वाचला, आणि प्राचार्यांकडे नेऊन दिला. सही झाली. कागद ड्रॉवरमध्ये गेला.

त्या दिवसापासून अप्पा वेबसाइट शिकू लागले. शिकवणारं कोणी नव्हतं. कॉलेजात इंटरनेट नव्हतं. शनिवारी अर्धा दिवस झाला की ते एसटीने बीडला जात. स्टँडजवळ अस्लमभाईंचं सायबर कॅफे होतं. प्लायवूडच्या खोपट्यांत पोरंपोरी चॅटिंग करत, कोणी निकाल बघत. अप्पा एखादं चांगलं दिसणारं पान उघडत आणि त्याच्या मागचा मजकूर उघडून वहीत उतरवून घेत. फ्लॉपीवरही घेत, पण फ्लॉपी वाटेत दगा देते म्हणून वहीतही. एकदा मी काही कामाने बीडला गेले होते, तेव्हा त्यांच्याबरोबर तिथे बसले. अस्लमभाई म्हणाले, "मॅडम, दुनिया पन्ने का मुँह देखती, ये अप्पा उसके पेट में घुसते. अप्पा, क्या मिलता वहाँ?"

"भ्या मिळतंय," अप्पा म्हणाले, वहीवरून नजर न काढता.

दीड महिन्यात त्यांनी चाळीस पानं केली. प्राचार्य, विभाग, ग्रंथालय, वसतिगृह, सगळी. ऑफिसातल्या संगणकावर ती फार देखणी दिसत. मग प्राचार्यांच्या केबिनमध्ये नवा, मोठ्या पडद्याचा संगणक आला, आणि त्यांनी अप्पांना पानं तिथे दाखवायला सांगितलं. मीही गेले. पहिलंच पान उघडलं आणि अप्पांचा हात छातीवर गेला. सगळे मथळे डावीकडे सरकलेले. एकही मधोमध नव्हता.

"हे काय, अप्पा? कॉलेज एका बाजूला झुकलंय का?"

त्यांनी काय केलं होतं ते मला नंतर कळलं. वेबच्या पानात मोकळ्या जागा कितीही दिल्या तरी पडद्यावर एकच धरली जाते, हे कळल्यावर त्यांनी दुसऱ्या कोणाच्या पानातून न मिटणाऱ्या मोकळ्या जागेचं चिन्ह शोधून काढलं होतं. मग मशीनवर करायचे तसंच, अक्षरं मोजून, वजा करून, निम्मं करून, प्रत्येक मथळ्याआधी तेवढी चिन्हं घातली होती. चाळीस पानांतले सगळे मथळे असे मोजून बसवलेले. कागदाची रुंदी बदलत नाही. पडद्याची बदलते. टायपिस्टाखेरीज दुसऱ्या कोणाला ही चूक करता आली नसती, आणि इतक्या मेहनतीने तर नाहीच.

प्राचार्यांनी ड्रॉवर उघडला नाही, नुसतं त्याच्यावर बोटाने दोनदा टकटक केलं. "समिती यायला महिना आहे."

पुढच्या शनिवारी बीडहून येताना अप्पा एक पान उतरवून घेऊन आले. चांगल्या वेबसाइटांच्या पानांत दिसण्याबद्दल काहीच लिहिलेलं नसतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. वरच्या बाजूला फक्त दुसऱ्या एका फाइलचं नाव असतं. त्या फाइलचा पत्ता त्यांनी स्वतः टाइप करून पाहिला, आणि ती उघडली. ती होती स्टाइलशीट. मथळा कसा दिसावा, परिच्छेद कसा, कडा किती, रंग कोणता, हे सगळं एका ठिकाणी, आणि सगळी पानं तिचं ऐकणारी.

वही माझ्या खिडकीत ठेवून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, हितं म्हणतंय, मथळा मधी घे. बस. एवढंच."

"मग?"

"मंग मोजायचंच न्हाई?" ते किती तरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. त्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. वीस वर्षं जे गणित त्यांच्या पोटापाण्याचं होतं ते कोणी तरी एका शब्दात संपवलं होतं.

तरी ते शिकले. माझ्याकडचा इंग्रजी-मराठी शब्दकोश महिनाभर त्यांच्या टेबलावर होता. शब्दकोशातून जे कळत नसे ते ते आपल्या रीतीने लावून घेत. चौकटीच्या आतली जागा कोणती आणि बाहेरची कोणती, यात त्यांचा घोटाळा व्हायचा. एक दिवस म्हणाले, "लागलं बघा. चौकट म्हंजी बांध. पॅडिंग बांधाच्या आतलं, आपलं. मार्जिन बांधाच्या बाहेरचं. भांडणं तितंच होत्यात, म्हणून तितं जरा सैल सोडायचं." आणि एकाच गोष्टीबद्दल दोन नियम असतील तर खालचा, शेवटचा नियम चालतो, हे कळल्यावर ते हसले. त्या महिन्यातलं तेवढंच हसू मला आठवतं. "आपल्या संस्थेची मीटिंगच की वो ही. शेवटी बोलंल त्याचं खरं."

पण त्या फाइलला हात लावायची त्यांना भयंकर धास्ती होती. एका पानात चूक झाली तर एक पान बिघडतं. इथे चूक झाली तर चाळीस. प्रत्येक बदलाआधी ते फाइलची एक प्रत वेगळी ठेवत. तिला तारीख देत, आणि छापून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत. प्राचार्य एकदा म्हणाले, "अप्पा, पानं चाळीस आणि स्टाइलशीटा साठ. कॉलेजची वेबसाइट आहे का स्टाइलशीटची?"

समिती यायच्या दोन दिवस आधी दुपारी ते खिडकीशी आले. चेहरा पांढरा. "मॅडम, सगळी पानं उघडी पडली."

मी जाऊन पाहिलं. वरची निळी पट्टी तेवढी राहिलेली; बाकी रंग नाही, चौकट नाही, काळी अक्षरं नुसती एकाखाली एक पडलेली. त्यांनी सकाळी काही तरी दुरुस्त केलं होतं, आणि काय ते आता आठवत नव्हतं.

"कालची प्रत आहे ना?"

"हाय. पर कालच्यात वसतिगृहाचं आन् तुमच्या ग्रंथालयाचं न्हाई. ते आज केलतं."

मग आम्ही आजची स्टाइलशीट छापून, जुन्या पद्धतीने मुद्रितं वाचतात तसं वाचायला बसलो. एकाने पडद्यावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर पट्टी ठेवून बघायचं. स्वल्पविराम, अर्धविराम, सगळं उच्चारायचं. मी वाचत होते, "कंस सुरू. रंग निळा. अर्धविराम. कंस पूर्ण." तिसऱ्या पानापर्यंत आलो आणि ऑफिसातला फोन वाजला. शिपायाने अप्पांना हाक मारली. ते पट्टी कागदावर तशीच ठेवून गेले. गल्लीतूनच फोन होता.

सव्वा तासाने ते परत आले. सदऱ्याच्या बाहीवर लाळेचा डाग होता. "सहा मिंटं चालली," खुर्चीवर बसत ते म्हणाले. "शेजारनीनं घड्याळ बघितलं, रिक्षा केली. मी गेलतो तवर इंजक्शन झालतं. आता झोपलीय." त्यांनी डागाची बाही दुमडली. "तिकडं डोंगरावर असतो, तर सहा मिंटांत कुटं गेलो असतो, मॅडम?"

"अप्पा, घरी जा. मी बघते."

"घरी जाऊन काय करू? तिला वाचवायची जागा ही हाय." त्यांनी पट्टी उचलली. "वाचा."

मी वाचू लागले. चौथ्या पानावर त्यांनी मला थांबवलं. "परत."

"रंग पांढरा. अर्धविराम. कंस पूर्ण."

"न्हाई मॅडम. तितं कंस पूर्ण न्हाईच. तुमी तुमच्या मनानं वाचलात."

खरंच नव्हता. सवयीने माझ्या तोंडून आला होता. त्या एका न मिटलेल्या कंसाने खालचे सगळे नियम गिळले होते. त्यांनी तो घातला, आणि चाळीस पानं अंगावर कपडे चढवून उभी राहिली. मला हायसं वाटलं. अप्पांना नाही. ते बराच वेळ कंस विसरलेल्या आपल्या बोटाकडे बघत बसले होते.

समिती आली. तिघे होते. केबिनमध्ये सगळे बसले, अप्पा दाराआड उभे. पाहुण्यांमध्ये एक वयस्क प्राध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाल्या, "छान आहे. अक्षर थोडं मोठं होईल का? आमच्यासारख्यांना वाचायला?"

प्राचार्यांनी दाराकडे बघितलं. अप्पा आत आले, फाइल उघडली, एक आकडा बदलला. बाईंनी एकेक पान उघडून पाहिलं. सगळीकडे अक्षर मोठं झालं होतं. "अरे वा, सगळीकडे एकदम! कोणी केलं हे?"

"आमच्या कॉलेजातच झालंय, मॅडम," प्राचार्य म्हणाले. अप्पांचं नाव त्यांनी घेतलं नाही. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले ते वेगळंच होतं. "बघितलंत? एका आकड्यानं चाळीस पानं बदलली. येवढं सोपं असाया न्हाई पायजे. माणसाला हलवायला तर नुसती एक तारीख पुरते."

आठ दिवसांनी, माझ्या आग्रहावरून, ते तो आदेश परत मागायला गेले. मी मुद्दाम त्यांच्यामागे गेले.

"अहो अप्पा, तुम्ही तर आता कॉलेजचे हिरो!" प्राचार्य म्हणाले. "कागदाचं काय घेऊन बसलात? असू द्या फाइलला. कुठं जातोय तो?"

तो कुठे गेला नाही. कॉम्प्युटर रूम अप्पांना मिळाली, पगार चालू राहिला, वहिनी दवाखान्यापासून दहा मिनिटांवरच राहिल्या. त्या काळात तीनदा तरी ती दहा मिनिटं उपयोगी पडली. पण दर जूनला, सत्र सुरू व्हायच्या वेळी, अप्पा वाळत. प्राचार्यांनी साधं "अप्पा, जरा या" म्हटलं तरी ते आधी हात धुऊन येत. वेबसाइटमध्ये कोणी काही बदल सांगितला तर त्याच दिवशी करून देत. ताप असला तरी येत. मी एकदा रागावून म्हटलं, "अप्पा, त्यांना आता आठवतसुद्धा नसेल." ते म्हणाले, "म्हणून तर, मॅडम. आठवत असतं तर दया बी आली असती."

चार वर्षांनी प्राचार्य निवृत्त झाले. त्याच पावसाळ्यात अप्पांच्या छातीत दुखलं आणि त्यांना सरकारी दवाखान्यात ठेवलं. मी आयुष्यात कोणासाठी भांडलेले नाही. पण त्या दिवशी नव्या प्राचार्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते तरुण होते. त्यांनी फाइल मागवली, कागद काढला, वाचला, मान हलवली, आणि माझ्यासमोर त्याचे चार तुकडे करून टोपलीत टाकले. दोन मिनिटांचंही काम नव्हतं. मी तशीच रिक्षा करून दवाखान्यात गेले.

भेटीची वेळ होती. अप्पा उशीला टेकून बसले होते, पायथ्याशी वहिनी. मी खाली वाकून सांगितलं.

"फाडला?"

"फाडला. माझ्या डोळ्यांदेखत."

"तोच व्हता? वाचलात तुमी?"

"वाचला. दिनांकापुढे मोकळं होतं. तोच."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. अप्पांनी मान डोलावली, हळू, दोनदा. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. वहिनींना ऐकू जाऊ नये असं ते बोलू बघत होते.

"मॅडम, मी कार्बन लावलता. दोन प्रती व्हत्या. दुसरी सहीनिशी संस्थेच्या बीडच्या हापिसात हाय."

वहिनी म्हणाल्या, "आता गप पडा की वो. डाक्टर बोलू नका म्हणलाय." अप्पांनी वहिनींकडे हात केला. "दुपारची गोळी घेतलीस का?" वहिनींनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. अप्पांनी ती डोळ्यांजवळ धरली आणि फाटलेल्या प्रत्येक खोबणीत अंगठा घालून पाहू लागले. सिस्टर भेटीची वेळ संपली म्हणून सगळ्यांना बाहेर काढत होती. मी दारातून वळून पाहिलं तेव्हा ते चौथ्या खोबणीवर होते.